दुसरी द्वादशी

"काका, ह्यां बघा," असं म्हणत दिगंबर कोयंड्याने वहीचा एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि तो पडवीच्या पायरीवरच बसला. खुर्चीवर बस म्हटलं तरी बसला नाही. "पाच दिवसांचा आसा. आये घरातून कधी गेली आणि कधी इली. सुलभान लिवल्यान."

सुलभा म्हणजे त्याची बायको. अक्षर नीटस होतं. पहिल्या दिवशी सव्वाएक, दुसऱ्या दिवशी दोन, मग पावणेतीन, साडेतीन, सव्वाचार. प्रत्येक वेळी सव्वादोन तासांनी परत.

"कुठे जाते म्हणून विचारलंस?"

"इचारलंय. देवळात गेललंय म्हणता. देवळात ती नाय. शेजारी नाय. पायाक बारीक बारीक कापलेला असता. चौऱ्याहत्तर वर्सांची बायल, डोळ्यांत मोतीबिंदू, दोन हातांपलीकडला धुरकट दिसता. काका, माका रात्री झोप नाय." त्याने कागद पुन्हा स्वतःकडे ओढला आणि पुन्हा माझ्याकडे सरकवला. "म्हयनो संपलो की तिका पुण्याक भयणीकडे नेतंय. तिसऱ्या माळ्यार घर आसा. थयसून खय जातली?"

मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो. नौदलातून लेफ्टनंट कमांडर म्हणून निवृत्त होऊन कातळखोलला परत आल्याला तीन वर्षं झाली होती. गावाची अशी पक्की समजूत होती की मी लढाईत तोफा डागल्या. खरं म्हणजे मी सगळी नोकरी सर्वेक्षणाच्या जहाजावर काढली आणि पाण्याची खोली मोजली. पण आल्या आल्या देवळातली चोरीला गेलेली घंटा मी शोधून दिली, मग पोस्टमनची हरवलेली पिशवी, मग तरीवाल्या बबनचं वल्हं. तेव्हापासून गावात काही नाहीसं झालं की लोक पोलीस पाटलाआधी माझ्याकडे यायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. एक वही केली होती. कोण आलं, काय हरवलं, निकाल काय. शेवटचा रकाना भरताना मला मिशीला पीळ द्यावासा वाटे, आणि मला मिशी नव्हती.

कागद वाचायला मला दोन मिनिटं लागली.

"रोज पाऊण तास उशिरा," मी म्हटलं. "घड्याळाने चालणारं माणूस असं जात नाही. समुद्राच्या वेळेने चालणारं जातं. भरती-सुकती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. तुझी आई सुकतीला जाते, दिगंबर."

तो माझ्याकडे बघत राहिला. मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा, पण बापाच्या मरणानंतर पाण्याकडे पाठ करून बसलेला. बंदरावर त्याचं सिमेंट-पत्र्याचं दुकान होतं.

"पण दिसत नाही तर तिला सुकती कळते कशी?" मी विचारलं.

"रोज सकाळी सुलभाक इचारता. आज तिथ खयची गो? सुलभा क्यालेंडर वाचून सांगता."

झालं. सगळं जुळलं. आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीचं कोष्टक लागत नाही. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, त्यात सहा तास मिळवले की सुकतीची, म्हणजे ओहोटीची. एकादशीला भरती सव्वाआठ, सुकती सव्वादोन. द्वारकाकाकी, म्हणजे दिगंबरची आई, त्याच्या तासभर आधी निघत होती. खाडीच्या तोंडाशी म्हशीची खडप म्हणून एक खडक आहे, दुरून बसलेल्या म्हशीसारखी दिसते, आणि ती ऐन सुकतीलाच उघडी पडते. तिच्यावर कालवं असतात. पायावरचे काप कालवांच्या शिंपांचे.

"तरुणपणी कालवं फोडायला जायची ना?"

"जायची. मी दुकान घातलंय तेव्हा सोडून दे म्हटलंय. लोक काय म्हणतले, झील पैसेवालो आणि आये कालवा फोडता."

"मग तेच. जुनी सवय. तिथी सांगणं बंद करा," मी म्हणालो, "कॅलेंडर माळ्यावर टाका. वेळ कळली नाही की जाणं आपोआप बंद होईल. पुण्याला न्यायचीही गरज नाही."

हे मी म्हणालो. हसत म्हणालो, हे जास्त वाईट. दिगंबरने माझे हात धरले. मी वहीत निकालाच्या रकान्यात 'कालवे' असं लिहून टाकलं आणि चहा ठेवायला उठलो.

पाच-सहा दिवसांनी द्वारकाकाकी स्वतः आली. काठी आपटत, माझं फाटक हाताने चाचपत. लहान चणीची, सरळ पाठीची बाई. मी खुर्ची दिली तर तिने आधी हाताने तिचा काठ शोधला, मग बसली.

"कमांडरा, बरो मां तू?"

"बरा आहे, काकी."

"तुझी मालवणी खय सांडलंस? बोटीर?" ती हसली. "एक काम होता. तुझ्याकडे पंचांग आसा?"

पंचांग माझ्या डोक्यामागे खिळ्याला लटकत होतं. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा.

"माझ्याकडे इंग्रजी कॅलेंडर आहे, काकी. तारखा आहेत, तिथ्या नाहीत."

 तिचे धुरकट डोळे बरोबर माझ्या कपाळाच्या मध्यावर रोखलेले होते.

"सुलभाचा क्यालेंडर फाटला. तुझा इंग्रजी." तिने काठी उचलली. "बरा. मी मोजतंय. पुनवेपासून एकेक दिस. तेका काय शाळा लागता?"

फाटकापर्यंत मी तिला सोडायला गेलो. तिथे ती थांबली आणि म्हणाली, "पुण्याक नेतत माका. तुका म्हायत आसा?"

"ऐकलंय."

"थंय समुद्र नाय मां?"

"नाही."

"तेच्यासाठी नाय इचारूक," ती म्हणाली आणि गेली. कशासाठी विचारलं ते मी विचारलं नाही. प्रकरण मिटलेलं होतं, निकाल लिहिलेला होता.

पण ते खोटं माझ्या डोक्यातून जाईना. नौदलात असताना वरिष्ठांना चुकीची खोली सांगणं हा गुन्हा होता. जहाज त्या आकड्यावर चालायचं. आणि मी एका आंधळ्या होत चाललेल्या बाईला भिंतीवर पंचांग असताना नाही म्हणून सांगितलं होतं. आठवडाभर मी ते स्वतःला निरनिराळ्या तऱ्हांनी समजावून पाहिलं. शेवटी एका दुपारी पंचांग खिळ्यावरून काढलं, काखेत मारलं आणि कोयंड्यांच्या घराकडे निघालो. तिला खरं सांगायचं आणि माफी मागायची, एवढाच बेत होता.

साडेचार वाजले होते. सुलभा अंगणात कपडे काढत होती. मला बघून तिचा चेहरा पडला.

"काका, आये आत्ताच गेली."

"गेली? अजून जाते?"

"एकादशीपासून परत जातत. मी अडवलंय, आयकणत नाय. आणि दोन दिस लुगडा कमरेपर्यंत भिजान येता. आदी कधी घोट्याच्या वर भिजा नाय."

"आज कधी गेली?"

"सव्वाचार वाजलेले. घड्याळाक नाक लावून बघल्यानी आणि गेली."

मी पंचांग उघडलं. वद्य चतुर्दशी. साडेचारला सुकती. म्हणजे तिने साडेतीनला निघायला हवं होतं. पाणी आत्ता, आम्ही बोलत होतो त्या क्षणी, परत फिरत होतं.

"ती तिथी कशी मोजते?"

सुलभाने तुळशीकडे बोट केलं. वृंदावनाच्या कट्ट्यावर एक पितळेची वाटी होती, तिच्यात चिंचोके. मी ते हातावर ओतले आणि मोजले. पंधरा. पुन्हा मोजले. पंधराच. तिच्या हिशोबाने आज अमावास्या होती.

मी पंचांगाचं पान बोटाने खाली खाली वाचत गेलो. अष्टमी, नवमी, दशमी, एकादशी, द्वादशी. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा द्वादशी. कधी कधी एखादी तिथी दोन दिवस येते. पंचांग बघणाऱ्याला ते कळतं. सुलभाने रोज सांगितलं असतं तर द्वारकाकाकीला कळलं असतं, माझ्या पडवीत मी खरं बोललो असतो तरी कळलं असतं. दिवसाला एक चिंचोका टाकणाऱ्या बाईला ते कळायला काही मार्ग नव्हता. ती एक दिवस पुढे होती, आणि समुद्राच्या बाबतीत एक दिवस म्हणजे पाऊण तास.

"दिगंबर दुकानावर आहे?"

"हो. काय झाला, काका?"

"काही झालेलं नाही अजून," मी म्हटलं आणि पळत सुटलो. छप्पन्नाव्या वर्षी, काखेत पंचांग घेऊन. गावाने ते पुष्कळ दिवस सांगितलं.

दिगंबरला मी दुकानातून हाताला धरूनच बाहेर काढलं. माझी लहान होडी बंदरालगत वाळूवर होती. दोघांनी ती ढकलली. तो पाण्यात पाय घालताना क्षणभर थबकला. तेवीस वर्षांत तो होडीत बसला नव्हता. मग बसला आणि त्याने एक वल्हं घेतलं.

"आये खय आसा?"

"खडपीवर. बहुतेक."

वाटेत मी त्याला दोन द्वादशींचं सांगितलं. तो वल्हं जोराने मारू लागला आणि होडी डावीकडे वळू लागली. मला त्याला सावकाश म्हणून ओरडावं लागलं.

म्हशीची खडप गुडघाभर उघडी होती. तिच्यावर कोणी नव्हतं.

 मी होडी खडपीला लावली. कालवांच्या ताज्या फोडलेल्या शिंपा होत्या, आतून अजून ओल्या. ती इथे येऊन गेली होती. मग गेली कुठे? गावाकडच्या वाळूवर जाणारी पावलं नव्हती. मी खडपीच्या दुसऱ्या बाजूला गेलो. तिकडे वाळूच्या उरलेल्या पट्टीवर लहान, सरळ, एकामागे एक अशी पावलं होती आणि ती पलीकडच्या काठाकडे जात होती. पाण्यात शिरत होती.

माझा निकाल चुकला होता. कालवं हे उत्तर नव्हतं, ते वाटेतलं काम होतं.

"पलीकडे कोण राहतं?" मी विचारलं.

दिगंबरचा चेहरा पांढरा पडला. "थंय भिकू तांडेलाचा घर. आये थंय जावची नाय. मरान गेली तरी जावची नाय."

ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. दिगंबर दहा वर्षांचा असताना भिकू तांडेलाने वाऱ्याची लक्षणं दिसत असताना होडी बाहेर काढली. भिकू परत आला. त्याच्या होडीवरचा खलाशी आत्माराम कोयंडे, दिगंबरचा बाप, आला नाही. बाराव्याच्या दिवशी दहा वर्षांच्या पोराने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की त्या घरचं पाणी मी पिणार नाही. भिकू मेला तेव्हाही तो गेला नाही. तरीतून तिकडे जायचं म्हटलं तर बबन तासाभरात गावभर करणार. म्हणून ती चालत जात होती. खाडीचा मुख्य चर ऐन सुकतीला अर्धा तास चालण्याजोगा असतो, तेवढ्यातच.

"ती बघा," दिगंबर म्हणाला.

चराच्या मध्यावर एक पांढरं डोकं होतं आणि त्याच्यावर दोन हातांनी धरलेला डबा. पाणी छातीपर्यंत आलं होतं. भरतीचा प्रवाह तिला आत, खाडीकडे ढकलत होता आणि ती प्रत्येक पाऊल टाकण्याआधी पायाने तळ चाचपत होती. घाबरलेली दिसत नव्हती. गोंधळलेली दिसत होती, रोजच्या दाराला कोणी नवी कडी लावली असावी तशी.

मी हाक मारली. ती आमच्या विरुद्ध दिशेला वळली, आणि तिचा पाय सुटला. डोकं पाण्याखाली गेलं. डबा मात्र वर राहिला, दोन हात आणि डबा. दिगंबर कपड्यांसकट उडी मारून गेला. ज्याने तेवीस वर्षं पाण्यात पाऊल टाकलं नव्हतं तो चार हात मारून तिच्यापाशी पोचला. पोहणं अंगातून जात नाही, हे मी तेव्हा पाहिलं. मी होडी लावली आणि आम्ही दोघांनी तिला आत घेतलं. ती केवढीशी होती. भिजल्यावर तर अजूनच.

खोकला थांबल्यावर तिने पहिल्यांदा डबा चाचपला, झाकण घट्ट आहे का ते पाहिलं. मग समोर बसलेल्या माणसाच्या गालाला हात लावला.

"दिगा? तू पाण्यात?"

"आये, खय जाय होतंस तू?" तो रडत होता आणि त्याला ते लपवता येत नव्हतं.

"भागीकडे."

"भिकूच्या बायलेकडे?"

"तिका गिळणा नाय आता. पेज नको, दूद नको. कालवांचा सार तेवढा उतरता. सून करून देता, पण सुनेक कालवा फोडूक येणत नाय." तिने लुगड्याचा पदर पिळला. "पाणी आज असा कसा काय इला ता माका कळणा नाय. अवसेक सव्वापाच."

"आज चतुर्दशी आहे, काकी," मी म्हणालो. "द्वादशी दोन होत्या. तिथी सांगू नका असं मीच सांगितलं होतं यांना. आणि त्या दिवशी माझ्या घरी पंचांग होतं."

"माका म्हायत होता." ती माझ्याकडे वळली. "डोळे गेले, कान नाय गेले. खोटा बोलताना तुझो आवाज बारीक होता. मी म्हटलंय, दिगान सांगितला आसतला, ह्यो तरी काय करतलो."

 होडी प्रवाहाबरोबर हळूहळू सरकत होती.

"पण तेंच्याकडे कित्याक?" दिगंबर म्हणाला. "बाबांका तेनी मारल्यानी."

"भिकून चूक केल्यान. ती मी इसारलंय नाय." तिचा आवाज वर गेला नाही. "दिगा, बाबा गेले तेव्हा तू धा वर्सांचो. आपल्या चुलीर रोज मासो शिजा. तो खयसून येय असा तुका कधी इचारूचा वाटला नाय?"

"तू कालवा इकायचंस."

"कालवा इकून तांदूळ येय. मासो मागल्या दारात येय. पानात गुंडाळून, दगड ठेवन. भागी सुकतेक चलत येय आणि ठेवन जाय. ह्याच वाटेन. भिकूक सांगूक नाय, माका सांगूक नाय. एक दिस मी दार उघडलंय तर ती दगड ठेवी होती. दोघी कायएक बोललो नाय. आठ वर्सां, दिगा. तू म्याट्रिक होयसर." तिने डबा मांडीवर नीट ठेवला. "मी तीच वाट उलटी चलतंय."

पाणी होडीच्या अंगावर हलकेच आपटत होतं. दिगंबर आपल्या ओल्या गुडघ्यांकडे बघत बसला होता. मी गावाकडे होडी वळवायला वल्हं उचललं.

"काका," तो म्हणाला. त्याने नाक पुसलं. "कालवा शिळी होतली. होडी पलीकडे घ्या."

तांडेलांच्या घरी आम्ही तिघं पाणी गाळत उभे राहिलो. भागीची सून दारात दिगंबरला बघून मागेच सरली. आतल्या खोलीत खाटेवर एक बाई होती, चादरीखाली काही आहे असं वाटू नये इतकी. द्वारकाकाकी डबा सुनेच्या हातात देऊन खाटेशी बसली.

"भागी, दिगा इलो."

भागीने डोळे उघडले. खूप वेळ तिने त्याला पाहिलं. दिगंबर दाराच्या चौकटीला धरून उभा होता. पुढेही येत नव्हता, मागेही जात नव्हता. मला वाटलं ती रडेल, किंवा माफी मागेल. तिने हात थोडासा उचलला आणि विचारलं, "जेवलंस?"

दिगंबर आत गेला. खाटेजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, "नाय."

सार झाल्यावर त्यानेच तिला चमच्याने पाजलं. उरलेलं त्याच वाटीतून स्वतः प्यायला.

पुण्याला कोणी गेलं नाही. त्या दिवसापासून डबा होडीतून जाऊ लागला. कधी मी वल्ही मारी, कधी दिगंबर, आणि खडपीवर दोघांनाही द्वारकाकाकीकडून कालवं फोडायला शिकावं लागलं. मला कधीच नीट जमलं नाही. भागी चैत्रापर्यंत होती. द्वारकाकाकीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ती त्यानंतर सात वर्षं जगली, आणि तिथी स्वतः वाचता येत असूनही रोज सकाळी माझ्या फाटकाशी येऊन विचारायची, आज तिथ खयची? मी पंचांग बघून सांगायचो. आवाज बारीक होऊ न देता.

माझ्या वहीतलं 'कालवे' मी खोडलं. तिथे दुसरं काही लिहिलं नाही. त्यानंतर गावातली बरीच प्रकरणं मी सोडवली, पण निकाल लिहायच्या आधी एकदा पलीकडच्या बाजूची पावलं बघायला शिकलो.

दिगंबरच्या दुकानाबाहेर सिमेंटचे भाव लिहायचा काळा फळा होता. भागी वारली त्या आठवड्यात त्याने तो पुसला आणि खडूने आजची तिथी आणि सुकतीची वेळ लिहिली. तेव्हापासून रोज लिहितो. कालवं काढणाऱ्या बायका, खेकडे पकडणारे, सगळे तो वाचून पाण्यात उतरतात. भाव आता आत जाऊन विचारावे लागतात.

मी आता ऐंशीच्या घरात आहे. फळ्यावर एखादी तिथी चुकली तर जाऊन दाखवतो. वर्षातून एखाद्या वेळेला चुकते. गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांना धुरकट दिसू लागलं. मी कोणाला बोललो नव्हतो. घरी एकटाच असतो, बोलणार कोणाला. पण एका सकाळी बंदरावर गेलो तर फळ्यावरची अक्षरं दुप्पट मोठी होती, वीतभर उंच, रस्त्याच्या पलीकडून वाचता यावीत अशी.

दिगंबर दुकानात पत्रे मोजत होता. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"काका," आतूनच म्हणाला, "आज द्वादशी. दुसरी."